डावा खिसा, उजवा खिसा

४ मार्च, मंगळवार

एका दाढेची खरी किंमत लिहून ठेवतो, म्हणजे पुढं कोणी विचारलं तर सांगता येईल. दातांच्या डॉक्टरनं घेतले ते घेतलेच, ते सोडा. त्याखेरीज कापसाचे बोळे एकोणीस. टॉवेल दोन, त्यातला एक पाहुण्यांसाठी जपून ठेवलेला. अभ्रा एक, आणि अभ्र्यातली उशीसुद्धा. दुपारची झोप. संध्याकाळचं जेवण. शिवाय हिची बोलणी, ती मोजण्यापलीकडची. दाढ सकाळी नऊला निघाली, आता दिवेलागण झाली तरी खड्डा गळतोच आहे.

ही म्हणाली, "अहो, उशी लालभडक झालीय."

मी म्हटलं, "चहा सांडला असेल."

"चहा? तोंडावर डोळे आहेत की शर्टाची बटणं?"

रंगांच्या बाबतीत मी हिच्याशी वाद घालत नाही. लग्नाला एकतीस वर्षं झाली, माझे शर्ट आणि मोजे हीच काढून ठेवते. मी काढले तर म्हणे लोक हसतात. माझा धंदा डोळ्यांचा नाहीच. कानांचा आणि दातांचा आहे. म्हणून तर एक दाढ कमी झाल्याचं वाईट वाटतंय.

६ मार्च, गुरुवार

खड्डा अजून पाझरतो. तोंडात सारखी लोखंडाची चव. तरी गोदामात गेलो. गव्हाची चाळीस पोती यायची होती, आणि मी चावल्याशिवाय माझ्याकडं पोतं उतरत नाही.

धान्याच्या धंद्यात सगळेच दाणा चावतात. वाळलेला दाणा कट्ट बोलतो, ओला मच् करतो. एवढं कोणालाही ऐकू येतं. मला त्यामधलं ऐकू येतं. तोंडातला दाणा फुटला की ओल किती ते मी सांगतो, आणि माझं सांगणं कधी अर्ध्या टक्क्यानं चुकलेलं नाही. धाकटा म्हणतो, "दादा, त्याचं मशीन मिळतं, घेऊ या." मी विचारतो, "मशीनला कान असतात का?" धाकटा माझा भाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. वडील गेल्यावर मीच त्याला वाढवला, शिकवला. आता कागदपत्रं तो बघतो, धान्य मी बघतो.

बाकीचे व्यापारी दाणा चावून थुंकतात. मी थुंकत नाही. ह्याच गोदामात मी पंधराव्या वर्षी पाठीवर पोती वाहिली आहेत. पोत्यांखाली सांडलेले दाणे वेचून ज्यानं पोट भरलं, त्याला दाणा थुंकता येत नाही. आज पाटीवर माझं नाव आहे ते अशाच सवयींमुळं.

जाकीट मात्र तेच, जुनं. डाव्या खिशात नमुन्याचा गहू, उजव्या खिशात उंदरांचं औषध. डावा चावायचा, उजवा मारायचा, असा साधा नियम. औषध म्हणजेही गहूच, विषात घोळवलेला. विकणारा म्हणत होता, "शेठ, मुद्दाम रंगीत केलाय, चुकून कोणी खाऊ नये म्हणून." रंग कसला आणि काय. साध्या गव्हासारखा गहू, रंगाचं नाव सांगून गळ्यात मारला. दोन्ही खिसे तळाला फाटलेत, दाणे अस्तरात उतरतात. ही दोन महिने सुई घेऊन मागं लागली आहे. मी म्हणतो, फाटला म्हणजे मोठा झाला. हात आणखी खाली घातला की दाणे सापडतात. एकही वाया गेलेला नाही.

पाठीवर आणि मांडीवर ताटलीएवढे काळे डाग उठलेत. कुठं आपटलो ते आठवत नाही.

९ मार्च, रविवार

हॉस्पिटलात. खाट खिडकीजवळची मिळाली एवढंच चांगलं.

झालं असं. सकाळी गोदामाच्या मुतारीत मुकादम माझ्या शेजारी उभा होता. खाली बघून म्हणाला, "शेठ, हे लाल आहे."

मी म्हटलं, "उन्हाची जरा गडद होते."

"किती दिवस?"

"असतील पंधरा-वीस."

तो तसाच बाहेर गेला आणि त्यानं धाकट्याला हाक मारली. धाकट्यानं गाडी काढली, हिला घरून घेतलं, आणि "अरे, माल उतरायचाय" असं मी म्हणेपर्यंत मला इथं आणून टाकलं.

डॉक्टर उंच आणि कमी बोलणारे. पाठ बघितली, मांड्या बघितल्या. "पडलात?" नाही म्हटलं. "कोणी मारलं?" मी म्हटलं, "बायको तोंडानं मारते, त्याचे वळ उठत नाहीत." हसले नाहीत. मला खुर्चीवर बसवून तळमजल्याच्या टोकाला रक्त तपासायच्या खोलीत पाठवलं.

तिथं एक बाई आहेत. चाळिशीच्या, ठेंगण्या, गळ्यात थांबवायचं घड्याळ लटकवलेलं, शर्यतीला असतं तसं. मी मनात त्यांचं नाव घड्याळबाई ठेवलं. खोलीत मशीन आहे, पण मशीननं माझ्या रक्ताचा आकडाच दिला नाही, नुसत्या रेघा छापल्या. बाईंनी तो कागद बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "मशीन हरलं की हात." कोमट पाण्याच्या भांड्यात काचेची छोटी नळी बुडवली, माझ्या रक्ताचं वरचं पाणी घातलं, कसलं तरी औषध टाकलं, घड्याळ दाबलं आणि नळी कलती करायला लागल्या. कलती, सरळ. कलती, सरळ. नळीत गुठळी धरली की घड्याळ थांबवायचं. चांगल्या माणसाची बारा-तेरा सेकंदांत धरते. मी टिकटिक मोजत होतो. साठ झाले. नव्वद झाले. एकशे वीसला त्यांनी स्वतःच घड्याळ थांबवलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"काहीच झालं नाही, काका. तेच तर झालंय."

मी हात ओळखतो. पोत्यात हात घालण्याच्या तऱ्हेवरून माणूस खरा की लबाड ते मला कळतं. ह्या बाईंचा हात दोन मिनिटांत एकदाही थरथरला नाही आणि एकदाही घाईला आला नाही. असा हात माझ्या गोदामात असता तर मी त्याला भागीदार केलं असतं.

१० मार्च, सोमवार

आज जे बघितलं ते ह्या जन्मात विसरणार नाही.

बाईंनी मला पुन्हा खाली बोलावलं. मग स्वतःच्याच दंडाला पट्टा बांधला, दातांनी आवळला आणि स्वतःचं रक्त काढलं. मी म्हटलं, "हे काय, ताई?" ताई तोंडातून आपोआप गेलं.

"तुमचं अर्धं, माझं अर्धं. मिसळून बघायचं."

मिसळलं. कलती, सरळ, कलती, आणि नळीत गुठळी धरली. चौदा सेकंद.

मग त्यांनी मला समजेल असं सांगितलं. रक्तात गोठण्याला अडवणारा कोणी बसला असता तर त्यानं त्यांच्या रक्तालाही अडवलं असतं. तसं झालं नाही. म्हणजे अडवणारा नाही, गोठवणारा मालच संपलाय. त्यांच्याकडचा अर्धा माल मिळाला, काम झालं. हे गणित मला एका दमात कळलं. माझ्या धंद्यात पोतं हलकं भरलं तर आधी हेच बघतात, काटा खोटा की माल कमी.

"आता माल का संपला ते शोधायचं," त्या म्हणाल्या. "काका, तेवढी लाल टोपणाची नळी सरकवा."

मी सरकवली.

"लाल म्हटलं."

दुसरी सरकवली. त्यांनी तिसरी स्वतःच उचलली, माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. म्हाताऱ्याचं डोकंही गेलंय असं लिहिलं असेल.

संध्याकाळी दंडात सुई लावून चहाच्या रंगाच्या पाण्याच्या पिशव्या चढवल्या. हिनं सांगितलं, पिवळ्या आहेत. लोकांनी दिलेल्या रक्तातलं पाणी म्हणे. मी म्हटलं, "मी उभ्या आयुष्यात कोणाचं फुकट काही घेतलं नाही." ही म्हणाली, "घेतलं नाही म्हणून तर सगळं गळून गेलंय. गप्प पडा." शिवाय के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन. एवढी अक्षरं सोडून के का, ते विचारायचं राहिलं.

१२ मार्च, बुधवार

रक्त चौदा सेकंदांवर आलं. दाढेचा खड्डा कोरडा. जाकीट खाटेच्या दांडीला टांगलंय, मधून मधून खिशात हात घालून बसतो, बरं वाटतं.

डॉक्टर पडदा ओढून बसले. म्हणाले, "तुमचं यकृत चांगलं आहे, आतडी चांगली आहेत. मग एकच राहतं. काहीतरी पोटात जातंय. तुम्ही स्वतः काही घेतलंत?"

"मी साधी डोकेदुखीची गोळी घेत नाही."

"घरात, धंद्यात कोणाचं वाकडं?"

मी नाही म्हटलं. पण शब्द एकदा कानात गेला की तो तिथंच भाड्यानं राहतो.

तासाभरानं बाहेरच्या पॅसेजमधून धाकट्याचा आवाज आला. माझे कान असे की गोदामाच्या ह्या टोकाला बसून त्या टोकाच्या हमालांनी मला दिलेल्या शिव्या मला ऐकू येतात. धाकटा डॉक्टरांना म्हणत होता, "दादाला कळू देऊ नका. कळलं तर तो घेणार नाही." डॉक्टर म्हणाले, "ठीक आहे."

काय कळू द्यायचं नाही? काय घेणार नाही?

मग आत आला तो नेहमीसारखा हसत, हातात दुधाचा थर्मास. एवढ्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट, बटणं मनगटापर्यंत लावलेली. हा माणूस जन्मात पूर्ण बाह्या घालत नाही. काहीतरी लपवतोय.

१३ मार्च, गुरुवार

लिहायला हात धजत नाही, पण वहीत खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय.

मी गेलो तर गोदाम त्याचं. मशीन घ्या, माणसं ठेवा, जुनं काढा, असं गेलं वर्षभर तोच म्हणतोय. दूध रोज तोच आणतो. आजचं दूध मी खिडकीतल्या कुंडीत ओतलं. मग त्याला म्हटलं, "गोदामाच्या किल्ल्या माझ्याकडं दे. मी परत येईपर्यंत मुकादम बघेल."

तो म्हणाला, "माल यायचाय, दादा."

"मुकादम बघेल म्हटलं ना."

किल्ल्यांचा जुडगा काढून त्यानं माझ्या उशाशी ठेवला. "लहानपणी रागावलास की माझा भोवरा काढून घ्यायचास," तो म्हणाला. "भोवरा तरी माझा असायचा." आणि गेला. थर्मास विसरला नाही, रिकामा घेऊन गेला.

हिनं हे सगळं बघितलं. विणकाम खाली ठेवलं आणि म्हणाली, "तुम्हाला ऐकू फार येतं. कळतं किती, ते देव जाणे."

१५ मार्च, शनिवार

घरी सोडलं. पुढच्या आठवड्यात दाखवायला या म्हणाले. जाकीट घालून थेट गोदामात गेलो, सगळ्या खोक्यांत औषधाचे ताजे दाणे टाकले, आलेला माल चावला. तेरा पोती परत पाठवली. मच्. हमाल म्हणाले, "शेठ, तुम्ही नसताना गोदाम मुकं झालं होतं." खुशामत आहे, पण कानाला गोड लागली.

धाकटा आला नाही. मी बोलावलंही नाही.

२० मार्च, गुरुवार

पुन्हा हॉस्पिटल. सकाळी वजनकाट्यापाशी उभा असताना नाक वाहायला लागलं. आधी रुमाल, मग पोत्याचा तुकडा, मग मुकादमाचा शर्ट. ह्या वेळी तासाभरात चक्करही आली, आणि गुडघा सुजून नारळाएवढा झाला. बाईंनी नळी कलती केली. एकशे दहा सेकंद.

डॉक्टर हिला बाजूला घेऊन म्हणाले, "डोक्यात एखादी शीर फुटली असती तर मी काही करू शकलो नसतो." बाजूला घेऊन म्हणाले, पण मला ऐकू आलं. आज पहिल्यांदा भीती वाटली. खरी भीती.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. धाकट्याच्या हातचं दूध मी आठ दिवस तोंडाला लावलेलं नाही. मग कोण? घटकाभर हिच्याकडं बघितलं. ही माझे मोजे जोडीनं लावत होती. बघितल्याची लाज वाटली. ती इथंच लिहून ठेवतो.

२१ मार्च, शुक्रवार

डॉक्टरांनी सरळ सांगितलं, त्यांचा संशय उंदराच्या विषावर आहे. रक्त मोठ्या प्रयोगशाळेत पाठवलंय, उत्तराला दहा दिवस. हल्लीचं हे विष लगेच मारत नाही. यकृत के जीवनसत्त्वाच्या जोरावर रक्त गोठवायचा माल बनवतं, तिथं हे विष कुलूप लावतं. हळूहळू माल संपतो आणि उंदीर आतल्या आत वाहून मरतो. कुलूप महिनोन्महिने निघत नाही, म्हणून इंजेक्शन थांबलं की मी पुन्हा वाहिलो. आणि के का, तेही कळलं.

"पण पोटात जातंय कुठून, ते बंद झालं नाही तर माझी इंजेक्शनं तुम्हाला पुरणार नाहीत," असं म्हणून ते गेले आणि घड्याळबाई वही घेऊन आल्या. स्वतः वर आल्या, तीन जिने चढून. हे त्यांचं काम नव्हे.

"काका, दिवसभरात काय काय खाता, सांगा. सकाळपासून."

मी सांगितलं. चहा, पाव, दूध बंद केलंय, दुपारी भाजी-भात, चारला चहा, रात्री जेवण. ही म्हणाली, "आणि तेच मीही खाते. मला काही झालेलं नाही." बाईंनी होकार दिला. हे त्यांच्या आधीच लक्षात आलं असावं.

"गोदामात उंदीर आहेत?"

हा प्रश्न मला आवडला. मी म्हटलं, "ताई, अकरा वर्षं मी स्वतःच्या हातानं औषध ठेवतो. चोवीस खोकी, भिंतीच्या कडेनं. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. आसपासच्या सगळ्या गोदामांत उंदीर नाचतात, माझ्याकडं टिकत नाहीत. माझं औषध खाल्लं की पाणी शोधत बाहेर जातात आणि बाहेरच मरतात."

"आत मेलेले सापडतात?"

"एकही नाही. म्हणून तर म्हणतो, औषध चोख."

त्यांनी लिहून घेतलं. "औषध नेता कशातून?"

"उजव्या खिशातून. हात दोनदा साबणानं धुतो, विचारा हिला."

"धुतात," ही म्हणाली. "तेवढं एक ऐकतात."

बाईंनी वही मिटली. मोठ्या माणसाला उत्तर येत नाही तेव्हा तो प्रश्न विचारणाऱ्यावर खेकसतो. ह्या तशा नाहीत. म्हणाल्या, "मी प्रश्न चुकीचा विचारतेय. उद्या-परवा पुन्हा विचारीन."

२३ मार्च, रविवार

सगळं सावकाश, जसं झालं तसं लिहितो.

दहा वाजता रक्ताला खाली नेलं. ती खोली थंड असते म्हणून जाकीट अंगात. रविवार असल्यानं बाई एकट्याच. माझ्याकडं पाठ करून नळी कलती करत होत्या, गळ्यातलं घड्याळ चालू, कोपऱ्यात पंखा घरघरतोय, बाहेर कोणीतरी खाट ढकलत नेतोय. मी बाकावर बसलेलो.

बाई पाठ न वळवता म्हणाल्या, "काका, आत्ता काय चावलंत?"

मी म्हटलं, "कुठं काय?"

"कट्ट झालं."

घड्याळ बाराव्या सेकंदाला होतं की पंधराव्या, काही असो, त्यांनी नळीवरची नजर काढली नाही, कलती-सरळ थांबवलं नाही. आणि एवढ्या आवाजात माझ्या तोंडातला एक दाणा त्यांनी ऐकला. मला वाटायचं असे कान एकट्याचेच असतात.

"दाणा आहे," मी म्हटलं. "गव्हाचा."

"परवा खाण्यात सांगितला नाहीत."

"ते खाणं नव्हे हो, ती पारख. ते काम आहे."

आता त्या वळल्या. "मी दोन दिवस 'काय खाता' विचारत बसले," म्हणाल्या. "तोंडात काय घालता, असं विचारायला हवं होतं. थुंकता?"

मी का थुंकत नाही ते सांगितलं. पंधरावं वर्ष, सांडलेले दाणे, सगळं. त्यांनी मधे तोडलं नाही. मग पांढरा ट्रे आणून माझ्यापुढं ठेवला. "खिसे रिकामे करा."

डावा केला, उजवा केला. थोडेसेच पडले. मग मी सवयीनं हात फाटक्या तळातून अस्तरात घातला, पार पाठीपर्यंत, आणि मूठभर काढले. दोन-तीन वेळा काढले. बाई बघत होत्या. म्हणाल्या, "डाव्या खिशातून घातलेला हात उजव्या बाजूपर्यंत गेला, काका."

"अस्तर एकच आहे ना," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता हात खिशातून काढला. पण तरी म्हटलं, "औषधाचे दाणे मी ओळखले असते की."

"मग यातले हिरवे वेगळे करा."

मी ट्रेकडं बघितलं. गहू होता. सगळा गहू होता. खिडकीशी नेला, तरी गहू.

बाईंनी चिमटा घेतला आणि एक एक दाणा उचलून बाजूला कागदावर ठेवायला लागल्या. एकदाही थांबल्या नाहीत. "हा हिरवा. हा हिरवा. हाही." शंभरभर दाण्यांतून एकेचाळीस काढले. नंतर म्हणाल्या, "पहिल्या आठवड्यात मी लाल टोपण मागितलं, तुम्ही आधी हिरवं दिलंत, मग जांभळं. तेव्हाच लिहून ठेवलं होतं. काही माणसांना जन्मापासून लाल-हिरवं वेगळं दिसत नाही. म्हणून लघवीही तुम्हाला गडद दिसली, लाल नाही. मला वाटलं, एवढ्याचाच संबंध. औषधाचा रंगही तुमच्यासाठी नाहीच, हे मला परवा सुचायला हवं होतं."

ही बाई मला वाचवून वर माफी मागत होती.

साठ वर्षांत मला कोणी सांगितलं नाही. हिनं एकतीस वर्षं फक्त मोजे काढून ठेवले. वर येऊन हिला सांगितलं, तर म्हणाली, "मला वाटायचं, तुम्हाला रंगांची आवडच नाही."

२४ मार्च, सोमवार

धाकट्याला बोलवायला काल रात्रीच मुकादमाला निरोप दिला. सकाळी तो यायच्या आधी बाई टोचायला आल्या. त्यांना म्हटलं, "ताई, माझ्या भावावर मी संशय घेतला." का, ते सांगितलं. पॅसेजमधलं बोलणं, पूर्ण बाह्या, सगळं.

त्यांनी पट्टा सोडला. "त्यांनी त्याच दिवशी रक्त दिलं. दंडाला पट्टी होती. दुसऱ्या दिवशी तुमच्या गोदामातले सहा जण घेऊन आले. तुमच्या पिशव्यांची भरपाई तशी झाली. दादा फुकट घेत नाही, आपल्याच माणसांनी रक्त दिलं हे कळलं तर सुई उपटून टाकेल, म्हणून सांगू नका म्हणाले."

धाकटा आला तेव्हा मी भाषण तयार ठेवलं होतं. एकही वाक्य आठवलं नाही. किल्ल्या पुढं केल्या. म्हटलं, "तुझं दूध मी कुंडीत ओतलं होतं."

"ठाऊक आहे. झाडणाऱ्या बाईनं सांगितलं, झाड जोरात वाढतंय."

"मला वाटलं..."

"काय वाटलं तेही ठाऊक आहे, दादा. तू मनातलं बोलतोस तेव्हा तुझे ओठ हलतात." किल्ल्या खिशात टाकल्या. अर्ध्या बाह्यांचा शर्ट होता. "आता ते मशीन घेऊ?"

"घे," मी म्हटलं.



२ एप्रिल, बुधवार

मोठ्या प्रयोगशाळेचं उत्तर आलं. उंदराचं विषच, रक्तात भरपूर. घड्याळबाईंनी तोपर्यंत गोदामातल्या सगळ्या हमालांना आणि मुकादमाला खाली बोलावून त्यांच्या नळ्या कलत्या केल्या होत्या. सगळे बारा-तेरा सेकंद. धाकट्यानं विकलेल्या मालाचाही माग काढला, कुठं काही नाही. मी एकही दाणा पोत्यात परत टाकत नसे, खात असे. माझ्या चिकटपणानं निदान दुसऱ्या कोणाच्या ताटात विष गेलं नाही.

आता रोज के जीवनसत्त्वाच्या गोळ्या, मूठभर, कितीतरी महिने. दर आठवड्याला रक्त. डॉक्टर पहिल्यांदा हसले. म्हणाले, "गोळ्या चावायच्या नाहीत, गिळायच्या."

जाकीट हिनं घराबाहेर टाकलं. नव्याला खिसेच नकोत म्हणाली. दाणा थुंकायला शिकतोय. तीनदा प्रयत्न केला, तीनदा गिळला.

१७ मे, शनिवार

तेरा सेकंद. बाईंनी घड्याळ थांबवून माझ्यापुढं धरलं. मी म्हटलं, "ताई, तुमचे कान माझ्याहून चांगले." त्या म्हणाल्या, "कानांचं काय, काका, मी समोर आहे तेवढंच ऐकते. तुम्ही कायम दुसरंच काहीतरी ऐकत असता." दोनशे माणसांना मी गप्प केलं असेल, मला गप्प करणाऱ्या दोन बायका, एक घरात आणि एक तळमजल्यावर.

परत येताना गोदामात उतरलो. धाकट्यानं उंदरांचं काम शिकलेला माणूस बोलावला होता. हातमोजे घालून त्यानं माझी चोवीसही खोकी उचलून अंगणात ओळीनं मांडली होती. झाकणं उघडी. मी आजवर वरच्या भोकातूनच दाणे टाकत आलो, झाकण कधी उघडलं नव्हतं. मी विचारलं, "कसं काय वाटलं काम?"

माणूस भिडस्त होता. धाकट्याकडं बघायला लागला. धाकटा म्हणाला, "सांगा, दादाला आता सगळं सोसतं."

सगळ्या खोक्यांत दाणे काठोकाठ होते, वर कोळ्यांची जाळी. कडेला दात लागल्याची एक खूण नाही, आत एक लेंडी नाही. छपराच्या लाकडामागं त्याला घरटी सापडली, सात, पिल्लांसकट. ती पोत्यांतल्या चांगल्या गव्हावर वाढलेली. अकरा वर्षांत माझं औषध एकाही उंदरानं खाल्लेलं नव्हतं.